मतदान तीन वाजेपर्यंत

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी भाड्याचं काढलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. लाकडी खुर्चीवर ताठ बसून त्यांनी एवढंच विचारलं, "उन्हाळ्यात सुट्टी भेटते का तुमाले?"

मी तेव्हा गोंदियात एका लॅबमध्ये रक्त काढायच्या नोकरीला नुकतीच लागले होते. म्हटलं, भेटते जी, पाच-सहा दिवस. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि सांगून टाकलं की मग तुम्हालाही मत राहील. कशाचं मत, ते गुलदस्त्यात. मग गाव विचारलं. केशोरीच्या पुढचं, म्हटल्याबरोबर ते खुर्चीतून उठलेच आणि आत वळून काकूंना चहा ठेवायला सांगितला. मला वाटलं, माणूस अगत्यशील आहे. खोली हवेशीर होती, नळाला पाणी होतं, आणि बिरसीच्या विमानशाळेतली शिकाऊ पोरं दर थोड्या वेळानं छतावरून भुर्र करत विमान नेत होती, म्हणजे करमणुकीचीही सोय होती. मी दुसऱ्याच दिवशी सामान आणलं. करमणुकीची खरी सोय खालच्या मजल्यावर राहते, हे मला चैत्र लागल्यावर कळलं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो, पण मोहल्ल्यात त्यांचं नाव 'केंद्राध्यक्ष'. सरकारी कार्यालयात कारकून म्हणून त्यांनी जन्म काढला होता, पण त्या टेबलाबद्दल मी त्यांना अवाक्षर बोलताना ऐकलं नाही. बोलायचे ते इलेक्शन ड्युटीबद्दल. बाकीचे लोक ड्युटी चुकवायला डॉक्टरची चिठ्ठी आणतात, कंबर धरून चालतात, कागदावर सासू मारतात. यांचं नाव एखाद्या वेळी यादीत आलं नाही तर हे घरात तोंड पाडून बसायचे. रिटायर झाले तरी गळ्यात ओळखपत्राची दोरी तशीच. ओळखपत्र सरकारजमा झालं, म्हणून दोरीला घराची किल्ली अडकवली होती. किल्ली हवी असली की काकूंना ते जिथं असतील तिथं जाऊन त्यांच्या गळ्याशी वाकावं लागायचं, आणि सून हसू दाबत आत पळायची.

तर या माणसाच्या घरात उन्हाळ्याची सहल मतदानानं ठरायची. गंमत म्हणून नाही, खरोखरीच. मी एकदा म्हटलं, काका, घरात बसून बोलून नाही का ठरवता येत? तर म्हणाले, "बोलून ठरवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं गाव येते. घटनेनं सगळ्याईले एक मत देल्लं. मंग घरात काऊन दुसरा कायदा?" त्यांच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या शेजारी घटनेचं पुस्तक. रोज सकाळी दोन्ही पुसली जायची, त्याच फडक्यानं.

आजींना, म्हणजे काकांच्या आईला, वाचता येत नव्हतं, म्हणून कागद नाही, मडकी होती. प्रत्येक ठिकाणाचं एक मडकं आणि त्यावर खडूनं काढलेलं चिन्ह. समुद्राला होडी, चिखलदऱ्याला स्वेटर, आणि 'कुठंच जायचं नाही' याला खाट. मधल्या खोलीत चादरीच्या आड मडकी मांडायची. मतदाराला एक चिंचोका मिळायचा. आत जायचं, चिंचोका टाकायचा, बाहेर यायचं. बाहेर आलं की काकांच्या मुलीचं, धाकटीचं, जांभळं नेलपॉलिश डाव्या बोटाला. काकांचा मुलगा मोटारपंपाच्या दुकानात कामाला होता. तो बिचारा आठवडाभर ते बोट खिशात घालून हिंडायचा.

मतदान सकाळी सातला सुरू आणि दुपारी तीनला बंद. सहा मतदार, सगळे एका घरात, अर्ध्या तासाचं काम. तरी तीनपर्यंत ते दाराशी टेबल टाकून बसणार. आमच्या केशोरी-अर्जुनीकडं जंगलाचा भाग म्हणून खऱ्या निवडणुकीत मतदान तीनलाच बंद होतं, ते मला ठाऊक होतं. पण इथं शहरात, घरात? काका गंभीरपणे म्हणाले, "आपलं केंद्र संवेदनशील हाये." आतून काकूंच्या हातातलं भांडं आपटल्याचा आवाज आला. म्हटलं, खरंच आहे.

आणखी एक दंडक होता. महाराष्ट्राच्या बाहेर पाऊल नाही. आता गोंदियावाल्याला हे सांगणं म्हणजे थट्टाच. आमच्याकडून छत्तीसगड हाकेवर, मध्य प्रदेश तर उंबऱ्याशी. शेजारपाजारचे लोक सकाळी निघून डोंगरगडला जाऊन रात्री जेवायला घरी येतात. आणि आमचं ठिकाण राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण काकांचं म्हणणं, सीमा ओलांडली की आपला अधिकार संपला. कोणता अधिकार, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि ते ऐकत बसायला कोणाला वेळ होता?

होळी झाली की घरात आचारसंहिता लागायची. तेव्हापासून मतदानापर्यंत कोणी कोणाला आवडीचं खाऊ घालायचं नाही. एकदा सुनेनं आजींसाठी मासळी केली. काकांनी ताट अर्ध्यातून उचललं आणि मतदाराला आमिष म्हणून स्वयंपाकघरात परत पाठवलं. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. प्रचाराला मात्र मोकळीक होती. काकूंचा प्रचार एका ओळीचा असायचा. भर दुपारी त्या कुलरचं बटण बंद करायच्या, सगळे घामानं निथळेपर्यंत थांबायच्या, आणि मग शांतपणे म्हणायच्या, "चिखलदऱ्यात कुलर लागत नाई." धाकटी समुद्रवाली. ती मोबाइलवर लाटांचा आवाज लावून फोन आजींच्या उशाशी ठेवायची. आजी म्हणायच्या, नळ सुरू राह्यला वाटते कोनाचा.

निकाल लागला की तो पाळायचाच, यात काका मागेपुढे बघायचे नाहीत. एका वर्षी चिखलदरा निवडून आला. काकूंनी सगळ्यांचे स्वेटर बांधून घेतले होते. वर गेलो तर हवा छान होती, पण स्वेटरची नव्हती. काकांनी सगळ्यांना स्वेटर घालून दरीच्या कठड्याशी उभं केलं आणि फोटो काढला. जनतेनं स्वेटरला मत दिलं आहे, म्हणाले. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. सगळे घामाघूम, आणि काकू एकट्या विजयी.

दुसऱ्या वर्षी खाट निवडून आली. ती कोणामुळं आली ते गुप्त असलं तरी आजींकडं बघून सगळ्यांना कळत होतं. मला वाटलं, झालं, यंदा सुट्टी बुडाली. छे. काका म्हणाले, खाट आली तर खाटेचं राज्य. अंगणात कडुनिंबाखाली सगळ्या खाटा टाकल्या, स्वयंपाकघराला कुलूप लावलं आणि कोणीही कोणतंही काम करायचं नाही असा हुकूम काढला. खाणावळीतून डबे आले. धुणं नाही, भांडी नाहीत, झाडझूड नाही. वरून विमानं जात होती आणि आम्ही पालथे-उताणे पडून ती मोजत होतो. सून तर दोन दिवस नुसती झोपली. काकू आजही म्हणतात की आयुष्यातली सगळ्यात चांगली सहल तीच.

सहल ठरली की खातेवाटप. रेल्वे एकाकडं, डबे-फराळ एकाकडं, औषधं माझ्याकडं. एकदा खातं दिलं की काका त्यात नाक खुपसायचे नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व. चिखलदऱ्याच्या वेळी मुलानं चुकीच्या बसमध्ये बसवलं होतं. काकांना ते पहिल्या थांब्यालाच कळलं होतं, पण परिवहन खातं मुलाकडं होतं म्हणून ते गप्प बसून राहिले. पुढं दोन तास धूळ खात दुसऱ्या बसची वाट पाहिली. काकू काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

आता इतकं सगळं सांगितलं, तरी यातली एक गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन उन्हाळे जावे लागले. काका स्वतः कधीच मत देत नव्हते. ड्युटीवरच्या माणसाचं असं नसतं, म्हणायचे. त्यांना समुद्र आवडतो की डोंगर, थंड की गरम, कोणाला पत्ता नव्हता. होडी आली की होडीच्या तयारीला लागायचे, खाट आली की खाटा विणायला बसायचे. त्यांच्या आवडीबद्दल घरात कोणी विचारच केला नव्हता. मीही नाही. पंच कोणत्या बाजूचा आहे, असं कोण विचारतं?

मी गावाहून परत आले की मात्र ते जिन्यातच मला गाठायचे. आमच्या गावाजवळ एका खेड्यात एक शाळा आहे, मागं बोडी, पुढं मोहाचं झाड. बोडी म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव, धानाला पाणी द्यायचा. काका विचारायचे, बोडीत पाणी आहे का यंदा? मोहाचं झाड तोडलं तर नाही? व्हरांड्याच्या फरश्या बदलल्या म्हणतात, खरं का? मी डाळीची पिशवी सावरत हो-नाही करून वर जायची. शाळेची इतकी चौकशी कोण करतं? मला वाटायचं, म्हातारपणचा चाळा.

त्या शाळेवर त्यांची पहिली ड्युटी होती. ती गोष्ट ते मला सांगायचे, कारण घरचे लोक 'ड्युटी' हा शब्द ऐकला की उठायचे. भाडेकरणीला उठता येत नाही. काकांची नोकरी नवीन, जीप नाल्याशी थांबली, पुढं पेट्या डोक्यावर घेऊन चालत गेले. संध्याकाळी व्हरांड्यात टेकले तर गावातली एक बाई आली. पदर सारखा करून तिनं विचारलं, "साहेब, तुमाले काय खावावाटते?" काका म्हणायचे, मी मागं वळून पाहिलं, कोण्या साहेबाला विचारून राहिली म्हणून. मागं कोणी नव्हतं. आठ भावंडांच्या घरात जे पडेल ते खाल्लं, कार्यालयात जे सांगितलं ते केलं. काय खावंसं वाटतं, हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. तोंडातून एकच शब्द निघाला, "भात." ती बाई हसली म्हणे. मग भात आणला, आणि बोडीतले झिंगे कैरी टाकून. गोष्ट दर वेळी तिथंच संपायची. पुढं मतदान किती झालं, पेट्या कशा पोचल्या, काही नाही.

आणि मग तो उन्हाळा आला, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

धाकटी भरती झाली होती. सीमेवरच्या दलात. पोरगी पहाटे उठून बिरसीच्या रस्त्यानं धावायची, पावसात, थंडीत, तापात. निकाल आला त्या दिवशी काकांनी मोहल्ल्यात पेढे वाटले आणि घरात येऊन पाठ करून बराच वेळ खाट विणत बसले. जूनमध्ये तिला ट्रेनिंगला जायचं होतं. त्यानंतर रजा केव्हा, कुठून, काही खरं नव्हतं. म्हणजे सगळं घर एकत्र कुठं जाईल असा हा शेवटचा उन्हाळा, हे प्रत्येकाला कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. धाकटीनं मला एवढंच सांगितलं, "ताई, एकदा सगळ्याईले समुद्र दाखवून जातो. मंग कुठं बी टाकू दे मले."

काय तो प्रचार झाला त्या वर्षी! धाकटीनं मिठाचं पाणी करून सगळ्यांना चाखवलं. काकूंनी कुलरची पाण्याची टाकीच रिकामी केली. मुलगा दोन्हीकडून वचनं देऊन बसला. आजी खाटेवर पडून म्हणायच्या, मी मरतो इथंच, तुमी जा. मी लॅबमध्ये रक्त काढतानासुद्धा मनात आकडे मांडत होते. एका पेशंटनं विचारलं, मॅडम हस काहे रही हो?

मतदान झालं. तीन वाजले, काकांनी दार लावल्यासारखं केलं, खाकरले आणि मडकी बाहेर आणली. होडीत तीन. स्वेटरमध्ये तीन. खाटेचं मडकं उलटं केलं तर काही पडलं नाही. काकांनी ते हलवून पाहिलं, आत बोट घालून पाहिलं. खाट कधी रिकामी गेली नव्हती. सगळ्यांनी आजींकडं पाहिलं. आजी भिंतीकडं बघून म्हणाल्या, "पाहता काय? टुरी जाऊन राहिली नं." टुरी म्हणजे आमच्याकडं पोरगी. मी पाणी प्यायला उठले.

आता समसमान. काका उत्साहात आले, समसमान त्यांना फार आवडायचं. चिठ्ठ्या टाकाव्या लागतील, म्हणाले. तेवढ्यात धाकटी उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"चिठ्ठी नंतर. आधी तुमी मत द्या."

काका म्हणाले, ड्युटीवर आहो मी. ती म्हणाली, कोणाच्या? घरात कोण सरकार बसलं आहे? मी उद्या जाईन बाबा, आणि कोणी विचारलं की तुझ्या वडिलांना काय आवडतं, तर मला सांगता येणार नाही. हे ती रागानं बोलली. काकांनी नियम काढला. सहा मतं मोजून झालेली, आता माझं एकट्याचं पडलं तर ते गुप्त कुठं राहिलं? धाकटी म्हणाली, मग फेरमतदान घ्या. फेरमतदान नियमात बसत होतं. काका मडकी उचलायला उठले.

पुन्हा मडकी आत. पुन्हा चिंचोके, या वेळी सात. आम्ही एकेक करून जाऊन आलो. शेवटी काकांनी गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली, शर्टाची बटणं पाहिली आणि चादरीआड गेले. आम्हाला लागायचा क्षण, त्यांना बराच वेळ लागला. काकू हळूच म्हणाल्या, झोपले का काय.

बाहेर आले, बसले, मोजायला लागले. होडी तीन. स्वेटर तीन. खाट रिकामी. काकांच्या तोंडून सवयीनं निघालं, "सात देल्ले, साहा निघाले." मग तेच थांबले. धाकटीनं त्यांचा उजवा हात धरला आणि मूठ उघडली. चिंचोका तिथंच होता, घामानं ओला झालेला.

"बाबा?"

काका मडक्यांकडं बघत राहिले. इतकी वर्षं स्वतः खडूनं चिन्हं काढलेली मडकी. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मले जथं जाचं हाये, त्याचं मडकंच नाई ठेवलं मी."

कुठं, ते काही केल्या सांगेनात. नामांकन भरायची मुदत संपली म्हणाले, उठून गेले आणि पंप सुरू करून झाडांना पाणी घालायला लागले. चिठ्ठी आजींनी उचलली. होडी निघाली. धाकटीनं उडी मारली, काकूंनी स्वेटर पुन्हा पेटीत टाकले, पण कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे खिडकीतून त्या पाणी घालणाऱ्या पाठीकडं बघत होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोडीत पाणी आहे का यंदा? मोहाचं झाड तोडलं तर नाही?

मी धाकटीला जिन्यात ओढलं आणि झिंग्याची गोष्ट सांगितली, शेवटपर्यंत. तिनं ती कधी शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती. ऐकून जिन्यातच बसली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, रेल्वे खातं मी घेते.

मे महिना, गोंदियाहून गाड्या भरलेल्या. नागपूरहून रात्रीच्या गाडीत जागा मिळाली आणि नागपूरपर्यंत भाड्याची मोठी गाडी ठरली. तारीख धाकटीनं सांगितली ती आम्ही ऐकली. तिकिटं तिच्या मोबाइलात. काकांनी बघायला मागितली नाहीत, दुसऱ्याच्या खात्यात ते हात घालत नव्हतेच. मी माझ्या भावाला फोन करून ठेवला. बाकी सगळ्या घरानं हे पोटात ठेवलं, आजींनीसुद्धा, आणि आजींच्या पोटात काही राहत नाही अशी त्यांची ख्याती.

पहाटे निघालो. काका पुढं ड्रायव्हरशेजारी, गळ्यात किल्ली. गोरेगाव मागं पडलं, कोहमारा आलं. ढाब्यांवर ट्रकवाले चहा पीत होते. इथं हायवे लागतो. उजवीकडं नागपूर, सरळ गेलं तर नवेगाव, अर्जुनी, आणि पुढं आमचं केशोरी. काका म्हणाले, उजवीकडं घे गा. गाडी सरळ गेली. काकांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, अरे बाप्पा, नागपूर तिकडं राह्यलं. मागून धाकटी म्हणाली, "बाबा, रेल्वे खातं माहं हाये. अन् रेल्वे उद्याची हाये."

काकांनी ड्रायव्हरच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. तत्त्व आडवं आलं. पण मी आरशातून बघत होते. नवेगावचं जंगल लागलं तेव्हा त्यांनी रस्ता विचारायचं सोडलं. अर्जुनी गेली तेव्हा शर्टाचं वरचं बटण लावलं. केशोरी मागं पडली तेव्हा ते पुढच्या काचेला जवळजवळ नाक लावून बसले होते, विमान पहिल्यांदा बघणाऱ्या पोरासारखे. सून माझा हात इतका दाबत होती की दुखला.

शाळा बंद होती, उन्हाळ्याची. भिंतींना नवा रंग, फरश्या नव्या. बोडीत तळाशी थोडं पाणी उरलेलं. मोहाचं झाड मात्र जागेवर. काका गाडीतून उतरले, व्हरांड्याच्या एका खांबापाशी जाऊन उभे राहिले आणि हातानं जमीन दाखवून काकूंना म्हणाले, "इथं बसलो होतो मी." काकू त्या जागेवर जाऊन बसल्या.

समोरच्या घरातून शाळेत खिचडी शिजवणारी बाई आली. पाहुणे येणार एवढंच भावानं तिला सांगितलं होतं. बाकी मी काही शिकवलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. आमच्या गावाकडं दारात आलेल्याला असंच विचारतात. तिनं वडीलधारा माणूस बघून काकांनाच विचारलं, "बसा जी साहेब. काय खावावाटते तुमाले?"

काकांनी मागं वळून पाहिलं. या वेळी मागं आम्ही सगळे होतो, आणि सगळे त्यांच्याकडंच बघत होतो.

"भात," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "अन् झिंगे भेटतीन का? कैरी टाकून. तिखट कमी टाका, माहं तोंड आलं हाये. अन् भाताची पेज फेकू नोका. वाटीत द्या, मीठ टाकून, गरम. मले लय आवडते पेज."

काकू व्हरांड्यात ताडकन उठून उभ्या राहिल्या. "अवो बाई! यायले पेज आवडते? मी तं रोज मोरीत ओतून देत होते!" आणि हसता हसता त्यांना रडू आलं, की रडता रडता हसू, मला सांगता येणार नाही. धाकटी बापाला बिलगली. काकांना मात्र आता थांबता येईना. पोळी त्यांना जाड आवडते. चहात आलं नको. खाट खिडकीशी पाहिजे. ते बोलत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो, पहिल्यांदाच, कोणीही न उठता.

दुसऱ्या दिवशी नागपूर, आणि मग समुद्र. तो काय सांगायचा? धाकटी तासन्‌तास पाण्यात होती. आजींनी किनाऱ्यावर खुर्चीत बसून दोन तास तो नीट पाहिला आणि विचारलं, "एवढं पानी कोनाच्या बांधीले जाते?" कोणाच्याच धानाच्या शेताला नाही, म्हटल्यावर त्यांनी वाईट वाटून मान हलवली. काका पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते, बोटाला जांभळं नेलपॉलिश. पंचाला शाई नसते, पण या वेळी त्यांनी ती आपण होऊन लावून घेतली होती.

लग्न होऊन मी आता साकोलीला असते. धाकटी सीमेवर आहे आणि तिचं मत फोनवरून येतं. माझं नाव यादीतून कमी झालेलं नाही, मतदानाला मी न चुकता गोंदियाला जाते. यंदा मडकी चार होती. चौथ्यावर पेजेची वाटी काढलेली, वेरूळच्या लेण्यांसाठी, उमेदवार स्वतः काका. मोजायला सुनेला बसवलं होतं. काकांनी महिनाभर इतका प्रचार केला की आजींनी कानात कापूस घातला. निकाल लागला आणि काका सपाटून आपटले. वाटीत दोनच चिंचोके.

काकू सांगतात, दोन दिवस फुगून बसले होते, पेजसुद्धा मागितली नाही. तिसऱ्या दिवशी मला त्यांचा फोन आला. एक मत माझं, म्हणाले, पण दुसरं कोणाचं? तुम्हाला काही माहीत आहे का?

मी म्हटलं, काका, मतदान गुप्त असतं.